गाडीला पाणी पाजत अंबाजोगाईपर्यंत

नगरहून अंबाजोगाई पाच तासांचा रस्ता आहे, असं मला निदान आठ जणांनी सांगितलं होतं. आम्हाला दीड दिवस लागला. आता ते आठही जण भेटले की डोळे बारीक करून विचारतात, "मग, कसा काय झाला प्रवास?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. शिवाय नगरची माणसं शिर्डीला जातात, पुण्याला तर उठसूट जातात, पण पाथर्डी ओलांडून बीडकडे सहसा कुणी वळत नाही. त्यांना तिकडची थोडी माहितीही होईल.

जायचं कारण नोकरी. चौदा वर्षं मी नगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरत्या तुम्ही मॅडम, आणि मे महिन्यात तुम्ही कुणीच नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी अंबाजोगाईच्या एका कॉलेजचं नेमणुकीचं पत्र आलं. रुजू व्हायची शेवटची मुदत बुधवार, संध्याकाळी पाच. त्या वेळेत हजर न झाल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा वाचलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं असतं.

नवऱ्याला चाकणच्या कंपनीतून सुट्टी मिळेना. मी म्हटलं, एकटी जाते. त्यावर माझे सासरे, आप्पा, कापडी पिशवी भरून ओट्यावर जाऊन बसले. आप्पांनी साखर कारखान्याला तीस वर्षं उसाचा ट्रक चालवला. आता वय चौऱ्याहत्तर, नजर अधू, लायसन्स संपलेलं, पण गाडीबद्दलची मतं अजून ठणठणीत. "गाडी तूच चालव गं. मी आपला नुसता बसतो," म्हणाले. आप्पा नुसते बसतात, यापेक्षा मोठी थाप आमच्या घरात आजवर कुणी मारलेली नाही.

मंगळवार : पाथर्डीच्या पुढे

ऑक्टोबरचे दिवस. घाई नको म्हणून आदल्या दिवशी दुपारीच निघालो. निघण्यापूर्वी आप्पांनी बॉनेट उघडून आपला रोजचा विधी केला. आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत इंजिनाशेजारी एक प्लास्टिकची बाटली आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, तिच्यात असतं. आप्पा रोज सकाळी गाडी थंड असताना ती बाटली तोंडापर्यंत भरतात. "इंजिन पाण्यावर जगतं पोरी. गळ्यापर्यंत भरायचं, मगच चावी मारायची." बाटलीच्या अंगावर दोन रेघा आहेत, एक खाली, एक वर. त्या कशासाठी, असं एकदा विचारलं होतं. "कंपनीवाल्यांनी शोभेला काढल्यात," म्हणाले. त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की मी ते मानून टाकलं.

करंजी घाटात गोडसर, उबट वास आला. पाथर्डीला चहाला थांबलो तर गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं. आप्पांनी गाडी निवू दिली, झाकण उघडलं, जेवढं सांडलं तेवढं पुन्हा भरलं. शिरूर कासार जवळ आलं तशी बॉनेटमधून वाफच निघाली आणि गाडीनं रस्त्यावर चांगली तांब्याभर गुळणी टाकली.

 माझा एक हात आपोआप मागच्या सीटवरच्या, नेमणुकीचं पत्र ठेवलेल्या फाइलकडे गेला. आप्पा मात्र खिडकीतून बाहेर बघत एकदम म्हणाले, "आगं, हे तर पारूचं गाव!"

शिरूर तालुक्यातली निम्मी घरं दिवाळीच्या मागंपुढं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. पारूबाई आणि तिचा नवरा वर्षानुवर्षं आप्पांच्या कारखान्यावर यायचे. यांनी ऊस तोडायचा, आप्पांनी वाहायचा. गाव शिरूरच्या अलीकडंच. घरापुढं जायची तयारी मांडलेली: ताडपत्री, पेट्रोलचा रिकामा कॅन, डबे, कोयते, शेळीचं दावं. पारूबाई त्या पसाऱ्यातून उठून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवं, डायवरसायेब! अजून जित्ते हाव व्हय?"

"हाय की. तुझं काय?"

"मला काय धाड भरलीया. अन् ही कोण? सून? गाडी ही चालवती? अन् तुमी?" आप्पांकडं बघून ती खळखळून हसली. "आत्ता गं बया! आमाला उसाच्या मोळीगत हादरवत न्हेणारा माणूस सुनंच्या शेजारी गप बसलाय!"

आप्पांनी विषय गाडीकडं वळवला.

आमच्या नगरला पाहुणा आला की आधी विचारतात, चहा घेणार ना? इकडं विचारण्याची पद्धतच नाही. थेट तांब्या येतो, आणि तोही काठोकाठ. मी अर्धा पेला मागितला तर पारूबाईला राग आला. "अर्धं भांडं कावून? आमच्यात वाटंला लागणाऱ्या माणसाला अर्धं भांडं देत न्हाईत. वाट अर्धी ऱ्हाती." ज्या गावात टँकर आला की पळापळ होते, त्या गावात ही रीत. मी मुकाट्यानं तांब्या रिकामा केला. गाडी निवल्यावर बाईनं आपण होऊन कळशी आणली आणि गाडीलाही त्याच रीतीनं पाजलं, अगदी बाटलीच्या तोंडावर फेस येईपर्यंत. आप्पा शेजारी उभे राहून समाधानानं मान हलवत होते.

गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गाडीखालची ओल बोटाला लावून हुंगलं आणि निकाल दिला. "हेड ग्यासकिट गेलंया. इंजिन खोलावं लागतंय. ठिवून जावा चार दिवस." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली पातळ पट्टी. ती फाटली की जळका वायू पाण्यात घुसतो आणि पाणी बाहेर फेकतो. शास्त्र बरोबर होतं. मला चार दिवसांऐवजी चोवीस तास होते, एवढीच अडचण होती.

दिवस मावळला म्हणून पारूबाईनं जाऊच दिलं नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, आणि वर एका टोपलीत मऊ पडलेली सीताफळं. दोन खाल्ली, तिसरं हातात कोंबलं, नको म्हटल्यावर चौथं. "खा गं, वाळलीस नुसती," म्हणून पाचवं. माझं वजन बहात्तर किलो आहे. वाळलीस असं मला गेल्या वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळं पाचवंही खाल्लं.

बुधवार : बीडमार्गे मांजरसुंबा

सकाळी आप्पांनी गाडी भरली. मग पारूबाईनं "वाटंला लागताय" म्हणून आणखी घोटभर ओतलं. सावकाश निघालो.

शिरूर ते बीड रस्ता सुंदर आहे, हे मी नंतर आठवून सांगतेय. तेव्हा मी फक्त वास घेत होते. बोंडं फुटलेला कापूस, काळ्या दगडांच्या टेकड्या, उतारावर सीताफळाची झाडं आणि त्याखाली टोपल्या मांडून बसलेल्या बाया. पंधरा-वीस किलोमीटर झाले की गाडी गुळणी टाकायची आणि आम्ही थांबायचो. थांबलो की कुणीतरी पाणी घेऊन यायचंच. एका सीताफळवालीनं स्वतःची प्यायची बाटली गाडीला पाजली. एका हॉटेलवाल्यानं गिऱ्हाईक सोडून जग आणला. प्रत्येकानं काठोकाठ भरलं आणि प्रत्येकानं तेच विचारलं, "आता बास का? अजून आणू?" एवढी माया मला माहेरीसुद्धा मिळालेली नाही.

बीडला पोचेस्तोवर बारा वाजले. बसस्टँडच्या बाहेर आप्पा म्हणाले, "पोरी, तू यष्टीनं जा म्होरं. मी बसतो गाडीपाशी."

"आणि गाडी? तुम्ही चालवणार? की ढकलत आणणार?"

"इंजिन किती तापलंय ते दावणाऱ्या काट्याकडं बघून मी सांगितलं असतं काय झालंय ते, पण काट्यावर माझा इश्वास न्हाई. ट्रकात काटे कायम बंद असायचे."

"आप्पा, जरा गप्प बसा हो!"

मी सासऱ्यांशी या आवाजात कधी बोलले नव्हते.  त्यांना साखरेचा त्रास आहे, पिशवीत गोळ्यांची पट्टी असते, आणि अनोळखी गावात बंद गाडीपाशी त्यांना सोडायला माझं मन तयार नव्हतं. पण नोकरी सोडायलाही तयार नव्हतं. मी ठरवलं की मांजरसुंब्यापर्यंत न्यायची. तिथून सव्वादोनला अंबाजोगाईकडे जाणारी बस असते, असं स्टँडवर कळलं होतं. तोवर गाडी ताळ्यावर आली नाही तर ती बस मी धरणार आणि आप्पांची काहीतरी सोय लावणार. कसली सोय, ते काही सुचलं नव्हतं.

मांजरसुंब्याच्या घाटात गाडीनं जे काय करायचं ते केलं. पाणी वाफेसकट बाहेर आलं, काच धूसर झाली. वर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. चौफुल्याच्या अलीकडं एक गॅरेज, आणि त्याच्या दारात खुर्ची टाकून पांढऱ्या दाढीचे एक मिस्त्री बसलेले. गफूरभाई. मी गाडी उभी केली, उतरले आणि बोलायला लागले. पत्र, मुदत, पाच वाजता, गॅस्केट, सगळं एका दमात.

"म्याडम, बसा आधी," ते म्हणाले. "गरम गाडीचं झाकण उघडायचं नसतं अन् गरम माणसासंगं बोलायचं नसतं. दोघंबी जरा थंड होऊ द्या."

चहा आला. मला तो कप फेकून मारावासा वाटत होता. गफूरभाई फुंकर मारत निवांत विचारायला लागले.

"काटा कुठवर गेल्ता?"

"मधेच असतो."

"लाल रेघंला गेल्ता का कवा?"

"नाही. एकदाही नाही."

"हां. अन् पाणी सांडल्यावर तुमी काय करता?"

"भरतो."

"कितीक?"

इथं आप्पांची कळी खुलली. आपल्या विषयावर आलं ना! "तोंडापर्यंत," ते छाती काढून म्हणाले. "रोज सकाळी. थंड असताना. एक दिवस चुकवलेला न्हाई."

गफूरभाईंनी कप खाली ठेवला. आधी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग गाडीकडं. हसू दाढीत दाबलं, पण मला दिसलं.

"उस्ताद, तुमी ट्रक चालवायचे ना? जुन्या ट्रकाला रेडिएटरलाच झाकण. ते तोंडापर्यंतच भरायचं. तुमचं काय बी चुकलं न्हाई." त्यांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण ही बाटली येगळी हाय. हिच्यात वरची जागा रिकामी ठिवायची असती. पाणी तापलं की फुगतंय. त्याला बसायला जागा नको का? जागा न्हाई तर ते झाकणातून भाईर येणार. तुमी पुन्ना भरणार, ते पुन्ना येणार. गाडीला कायबी झालेलं न्हाई. पावण्याला आग्रह करून करून वाढलंय तुमी सगळ्यांनी. बिचारी वकणार न्हाई तर काय करंल?"

मग माझ्याकडं वळले. "म्याडम, तुमी काय करता?"

त्या क्षणी मला भरतकाम, पापडाचा उद्योग, काहीही सांगायला आवडलं असतं. "शिकवते," मी म्हटलं. "भौतिकशास्त्र."

"म्हंजे त्यात ते... पाणी तापल्यावर फुगतं, ते असतं का?"

"असतं. अकरावीला. मीच शिकवते."

गफूरभाई भला माणूस. ते बराच वेळ रस्त्यावरच्या ट्रककडं बघत राहिले.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. द्रवाचं प्रसरण! चौदा वर्षं फळ्यावर काढलेली आकृती! आणि मी त्या दोन रेघा रोज बघत होते.

"तरीबी तपासून घिऊ," गफूरभाई म्हणाले. "मिस्त्री म्हनतो ग्यासकिट, मी म्हनतो न्हाई. पाण्यात बुडबुडे आले तर तो खरा." त्यांनी एक बारीक नळी घालून बाटलीतलं पाणी काढलं, दोन रेघांच्या मधोमध आणून ठेवलं, झाकण लावलं. गाडी चालू केली. "ईस मिन्टं चालू द्यायची. बघत ऱ्हावा."

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी आणि आप्पा बॉनेटवर ओणवे होऊन त्या बाटलीकडं असे बघत होतो जसं दुधाकडं बघतात. पाणी हळूहळू चढायला लागलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. तेवढ्यात रस्त्यावर बस आली. दहा मिनिटंच झाली होती. कंडक्टर ओरडला, "केज, अंबाजोगाई!"

मी फाइल उचलली.

"जा," आप्पा म्हणाले. "माझी काळजी करू नको. ह्यांच्यापाशी बसतो मी."

मी एक पाय रस्त्याकडं टाकला आणि शेवटचं म्हणून बाटलीत बघितलं. पाणी वरच्या रेघेला टेकलं होतं आणि तिथंच थांबलं होतं. एकही बुडबुडा नव्हता. वरच्या रिकाम्या जागेत जेवढी हवा हवी तेवढी होती. मला आतून कळलं की हे असंच राहणार. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना जे शिकवलं, त्याच्यावर मी स्वतःचं काही कधी पणाला लावलं नव्हतं.

"जाऊ द्या बस," मी कंडक्टरला हातानं खूण केली. बस गेली. आणखी दहा मिनिटांनी गाडी बंद करून गफूरभाई म्हणाले, "आता निघा. अंबाजोगाईत पोचल्यावर हे बोअरचं क्षाराचं पाणी सगळं काढा अन् कूलंट भरा. रेघंपर्यंत हां, उस्ताद."

बुधवार दुपार : केजवरून

नेकनूर मागं पडलं. आप्पा वळणावर हॉर्न मार म्हणाले नाहीत, तिसरा गिअर म्हणाले नाहीत.  शेवटी तेच बोलले.

"तुझी नोकरी गेली असती ना पोरी, माझ्यापायी."

"माझ्यापायी सुद्धा गेली असती, आप्पा. तुम्हाला निदान माहीत नव्हतं. मला तर पगारच त्याचा मिळतो. आणि बीडला मी तुमच्यावर ओरडले. माफ करा मला."

"वरडायला पाहिजेच होतं," ते म्हणाले. "दोन दिस आधी वरडली असतीस तर लौकर पोचलो असतो." मग स्वतःच हसले.

केजला खात्री करायला एकदा थांबलो. बॉनेट उघडलेलं दिसताच समोरचा रसवंतीवाला जग घेऊन पळत आला. आप्पांनी बाटलीवर आडवा हात धरला. "नगं बाबा. प्वाट भरलंय तिचं." तो बिचारा हिरमुसला. मग त्याचा मान राखायला तो अख्खा जग आम्ही दोघांनी मिळून संपवला.

अंबाजोगाई

गाव आलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. रस्त्यावर पोरापोरींचे घोळके, पाठीवर दप्तरं, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली डॉक्टर होऊ घातलेली मुलं. कॉलेज सापडायला आणखी दहा मिनिटं. आप्पा म्हणाले, "तू पळ. मी हाय गेटपाशी."

कार्यालयातले बाबू टेबल आवरत होते. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्या साडीवरच्या काळ्या डागांकडं. "नगरहून आलात? सकाळीच निघायचं ना, म्याडम."

"कालच निघाले," मी म्हटलं.

 त्यांनी एकेक कागद पाहिला, शिक्का मारला, हजेरी पुस्तक पुढं सरकवलं. मी सही केली. पत्राची एक प्रत त्यांनी परत दिली, त्यावर "आज रोजी रुजू" असं लिहून.

बाहेर आले. गेटशेजारच्या कट्ट्यावर आप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा पुसून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"दिसत न्हाई गं. काय लिवलंय? कायम लिवलंय का?"

"हो, आप्पा."

"कुठं?"

मी त्यांचं बोट धरून तिसऱ्या ओळीवर ठेवलं. त्यांनी ते तिथंच दाबून धरलं.

"मी तीस वर्सं हंगामी होतो," ते म्हणाले. "दरसाल गाळप संपलं की घरी. दरसाल सायेब म्हणायचा, पुढच्या वर्सी तुझं कायमचं बघू. तुझ्या सासूला मी दरसाल तेच सांगायचो. ती गेली तवाबी हंगामीच होतो." त्यांनी बोटानं ती ओळ पुन्हा चाचपली. "आपल्या घरात हा शब्द पयल्यांदा आला पोरी. वाच बरं."

मी वाचलं. कायम पदावर नियुक्ती करण्यात येत आहे.

"आसं न्हाई. मोठ्यानं वाच."

संध्याकाळची पोरं गेटमधून बाहेर पडत होती, वॉचमन आमच्याकडं टक लावून बघत होता. मी घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अख्खं पत्र वाचून काढलं.